३१ वर्षं एसटीत तिकिटं फाडली, आता पहिल्यांदाच रात्रभराच्या रेल्वेने जाऊन राहिलो. काय काय लागते?

डबलबेल

नमस्कार मंडळी. वय ५९, एसटीत वाहक होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. लाजतच विचारतो, हसू नका.

नोकरी सगळी गणेशपेठच्या बसस्टँडवर गेली. रेल्वे स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर. इंजिनाचा भोंगा रोज ऐकला, पण स्वतः रेल्वेने गेलो ते वर्धा, फार तर बडनेरा, तेही पॅसेंजरने आणि उभ्याने. रात्री गाडीत झोपून प्रवास असा कधी केलाच नाही. रातराणीवर ड्यूटी केली, पण तिथे मी झोपत नव्हतो, झोपलेल्यांना उठवत होतो.

आता मिसेसला रामेश्वरला जायचं आहे. माझी आई काशीहून येताना गंगेचा गडू घेऊन आली होती, तांब्याचा, झाळून बंद केलेला. आई गेली, गडू देवघरात राहिला. तो रामेश्वरला पोचवायचा हे मिसेसनं मनाशी पक्कं केलं आहे. मी रिटायर होईपर्यंत थांबली, आता थांबत नाही म्हणते.

अजनीच्या खिडकीवर जाऊन तिकिटं काढली. तमिळनाडू एक्सप्रेस, थर्ड एसी, बी-४, नंबर २६ आणि २७. दुपारी नागपूरहून बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई. तिथून संध्याकाळी रामेश्वरची गाडी. पण खिडकीवरच्या साहेबानं सांगितलं, ती गाडी दुसऱ्या स्टेशनवरून आहे. मी म्हटलं, एका गावात दोन स्टँड, आमच्याकडेही गणेशपेठ आणि मोरभवन आहेच. पण इथे मला गल्ल्या माहीत आहेत.

मिसेसचे गुडघे दुखतात. २६-२७ म्हणजे वर का खाली? नागपूरला गाडी किती मिनिटं थांबते, डबा कुठे येतो हे कसं समजते? आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त काळजी याची आहे की गाव आलं हे सांगते कोण? आमच्याकडे मी ओरडत होतो. "जाम चौरस्ता, जाम चौरस्ता, चला उतरा." रेल्वेत कोण ओरडते?

बर्डीकर

काका, विमानाने जा ना. कशाला हाल करून घेता.

डबलबेल

भाऊ, मी चाकावरचा माणूस. जमिनीपासून चाक सुटलं की आमच्यात त्याला अपघात म्हणतात.

अजनी_कॉलनी

काकाजी, नमस्कार. माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात गार्डच. तुमच्याकडे जे काम डबल बेलनं व्हायचं ते बाबा हिरव्या झेंडीनं करायचे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून मजा वाटली.

आधी बर्थचं सांगतो. नंबरला आठनं भागा आणि बाकी पाहा. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर आणि बाकी शून्य म्हणजे साइड अप्पर. २६ म्हणजे मधला, २७ म्हणजे सगळ्यात वरचा. काकूंच्या गुडघ्यांना दोन्ही जमणार नाहीत. ४५ च्या वरच्या बाईला आणि ६० च्या वरच्या पुरुषाला लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. तुम्ही ५९ चे, त्यामुळे दोघांचं एकत्र तिकीट काढलं तेव्हा तो कोटा लागला नसणार. काकूंचं तिकीट वेगळं काढून तो कोटा मागितला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी तसं करा, आणि दोन महिने आधी करा. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसच आधी मिळते.

आता जे आहे ते आहे. गाडीत चढलात की लगेच एखाद्या तरुण पोराला विचारा. एकट्यानं जाणारी पोरं वरचा बर्थ आनंदानं घेतात. कुटुंबवाल्याला विचारू नका, त्याचंही गणित असतं. टीसी आला की त्यालाही सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट. ही गाडी नवी दिल्लीहून येते, म्हणजे नागपूरला पोचेपर्यंत लोकांची एक रात्र त्या डब्यात झालेली असते. तुमच्या जागेवर कोणाची तरी चादर, पोळ्यांचा डबा, झोपलेलं लेकरू सापडेलच. एसटीसारखं "उठा उठा, रिझर्वेशन आहे" करू नका. दोन मिनिटं द्या, लोक सरकतात. मधला बर्थ झोपायसाठी रात्री दहा ते सकाळी सहा. दिवसा तो खाली पाडलेला आणि सगळे खालच्या बर्थवर बसलेले.

नागपूरला डबा कुठे येणार हे प्लॅटफॉर्मवरच्या पाटीवर दिसते, बी-४ कुठे ते पाहून वीस मिनिटं आधीच तिथे जाऊन उभे राहा. गाडी आली की सामान घेऊन डब्याडब्यानं धावणाऱ्यांचे हाल मी लहानपणापासून पाहिले आहेत. आणि घरून निघायच्या आधी १३९ वर किंवा मोबाइलवर गाडी कुठे आहे ते पाहा. रात्रभर उत्तरेतून येते, थंडीत धुक्यानं उशीर होतो. पण दोन तास लेट दाखवते म्हणून जेवून झोपू नका, मधे वेळ भरूनही काढते.

खिडकीवरून काढलेलं तिकीट कागदाचंच जवळ लागते, फोटो चालत नाही. सोबत ओळखपत्र, मूळ.

गाव कोण सांगते? कोणीच नाही. पण तुमची गाडी चेन्नईलाच संपते. झोपून राहिलात तरी झाडूवाला उठवेल. परत येताना मात्र नागपूर मधलं स्टेशन आहे, तेव्हा गजर लावा. १३९ वर स्टेशन यायच्या आधी फोन करून उठवायची सोयही आहे.

एकच ताकीद. मधल्या स्टेशनवर चहासाठी उतराल तर दाराला हात लावून उभे राहा. विजेचं इंजिन आहे, गाडी आवाज न करता सरकते. घंटा वाजत नाही.

चेन्नईतली_वऱ्हाडीण

काका, मी मूळची काटोलची, बारा वर्षं चेन्नईत. उत्तरेकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या सेंट्रलला येतात आणि रामेश्वरकडच्या एग्मोरहून सुटतात. तिकिटावर सेंट्रलचा कोड एमएएस आणि एग्मोरचा एमएस. एका अक्षरानं माझ्या सासूबाईंची गाडी जाता जाता राहिली होती. मध्यंतरी एग्मोरला काम सुरू असल्यानं काही गाड्या तांबरमहून सोडल्या होत्या, आणि तांबरम बरंच लांब आहे. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

सेंट्रल ते एग्मोर मेट्रोनं एकच स्टेशन. सेंट्रलच्या खालीच मेट्रो आहे, लिफ्ट आहे, काकूंना पायऱ्या चढायला नकोत. रिक्षाही मिळते, पण तिथे भाव ठरवल्याशिवाय बसू नका. हिंदी सगळ्यांना येत नाही. आकडे मोबाइलवर लिहून दाखवायचे, काम होते.

सकाळी पोचून संध्याकाळची गाडी घेतलीत हे फार चांगलं केलंत. लोक दोन तासांचा फरक ठेवतात आणि मग रडतात. दिवसभर सामान घेऊन फिरू नका, क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलुपं नागपूरहूनच आणा. पक्क्या तिकिटावर रिटायरिंग रूमही मिळते, काही तासांसाठी. अंघोळ करून पाठ टेकता येते.

आणि एक. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इथे पहिल्या महिन्यात मी भाजीवाल्याला "सांबार द्या" म्हटलं, त्यानं मला समोरचं हॉटेल दाखवलं.

डबलबेल

तुम्ही लोकांनी इतकं लिहिलं, मी ते मिसेसला वाचून दाखवलं. आठनं भागायचं गणित तिला इतकं आवडलं की ती आता शेजारपाजाऱ्यांची तिकिटं मागून पाहून राहिली. एक शंका, गडू न्यायला काही अडचण? झाळलेला आहे, आत काय आहे ते उघडून दाखवता येणार नाही.

अजनी_कॉलनी

गॅस, रॉकेल, फटाके चालत नाहीत. गंगाजलाला कोण अडवते काकाजी. कपड्यांत गुंडाळून बॅगेत मधोमध ठेवा. खालच्या बर्थच्या खाली लोखंडी कड्या असतात, साखळीनं बॅग तिथे बांधा. चपला मात्र पायाशी ठेवू नका, रात्री कोणाच्या पायात जातात ते कळत नाही.

आणि पुढच्या गाडीत पाम्बनच्या पुलाच्या वेळी जागे राहा. जुना पूल १९१४ चा, डिसेंबर २०२२ पासून त्यावरची गाडी बंद होती, लोकांना पुलाच्या अलीकडच्या बाजूलाच उतरून रस्त्यानं जावं लागायचं. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो.

डबलबेल

परत आलो. आठ दिवस झाले, पाय अजून हलून राहिले आहेत. मोकळेपणानं लिहितो, पुढे कोणाला तरी कामी येईल.

गाडी पाऊण तास उशिरानं आली. बी-४ ची जागा पाटीवर पाहून आम्ही अर्धा तास आधीच उभे होतो. मी मिसेसला दर दोन मिनिटांनी सांगत होतो, "आता इथून हलायचं नाही," आणि ती म्हणाली, "मी कुठे हलून राहिली?" आत चढलो तर २५ नंबरवर एक म्हातारे गृहस्थ, समोर नवरा-बायको आणि एक लेकरू. सगळे सरकले. पोरगा शोधत मी चार खण फिरलो. शेवटी साइड लोअरला एक मुलगा भेटला, दिल्लीत शिकणारा, विजयवाड्याला जाणारा. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, अंकल, आंटी को दे दो, मैं ऊपर चला जाता हूँ. संत्रा बर्फीचा अर्धा डबा त्याला दिला. नको नको म्हणत घेतला.

पण तो विजयवाड्याला उतरणार, मध्यरात्री, म्हणजे त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणाची असू शकते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. टीसीनं सांगितलं. त्यानं हातातल्या मशीनमध्ये पाहिलं आणि म्हणाला, पुढे रिकामी आहे, झोपू द्या. नशीब. मशीन मात्र छान आहे हो. माझ्या मशीनचं रोलच अडकत होतं.

नागपूर सुटलं आणि खिडकीतून जे दिसलं त्याचं काय सांगू. हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर. ही सगळी माझी गावं. चंद्रपूर लाइनवर किती फेऱ्या केल्या त्याचा हिशेब नाही. पण मी ती रस्त्याकडून पाहिली होती, म्हणजे दुकानांच्या पाट्या, पानठेले, स्टँडवरची गर्दी. रेल्वेतून गावाची पाठ दिसते. परसातली केळ, वाळत घातलेल्या गोधड्या, भांडी घासणारी बाई. वरोऱ्याचं एक हॉटेल, जिथे मी हजारदा चहा प्यालो असेन, त्याची मागची भिंत दिसली असं मला वाटलं. खात्री नाही. मिसेसला दाखवेपर्यंत गेलं.

आता फजिती. बल्लारशाला उतरलो. तुम्ही ताकीद दिली होती, दाराला हात लावून उभे राहा. मी चहा घेतला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिलो. ३१ वर्षांची सवय आहे, माझ्याशिवाय गाडी सुटतच नव्हती. कान घंटेची वाट पाहत होते. चहावाला माझ्याकडे पाहून काहीतरी ओरडला, मी म्हटलं पैसे तर दिले. मग वळलो तर डबा सरकून राहिला. चहा फेकला, धावलो, जे दार समोर आलं त्यात एका माणसानं हात धरून ओढलं. तो बी-२ होता. तिथून आतून चालत बी-४ ला आलो. मिसेस खिडकीला तोंड लावून प्लॅटफॉर्मवर मला शोधत होती, गाडी सुटून वर्धा नदीचा पूल यायला आला तरी. मी मागून खांद्याला हात लावला. पाच मिनिटं बोलली नाही. मग म्हणाली, "लोकांवर ओरडलात आयुष्यभर, चढा लवकर, चढा लवकर." बस, एवढंच. नंतर वरंगळपर्यंत मला पाण्याची बाटली भरायलाही उठू दिलं नाही.

मंचेरियलनंतर गोदावरी. अंधार पडला होता. मिसेसनं नदीत टाकायला रुपया काढून ठेवला होता, पण एसीच्या खिडक्या उघडत नाहीत हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगून ठेवतो. पाणी दिसलं नाही, फक्त गाडीचा आवाज बदलला, आणि बराच वेळ बदललेलाच राहिला. तिनं काचेला हात जोडले. रुपया पर्समध्ये परत गेला.

जेवण घरचं होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा, कोरडं पिठलं. डबा उघडला तसा ठसका समोरच्या लेकराला लागला आणि त्याची आई हसायला लागली. रात्रीची दोन चादरी, उशी, घोंगडी मिळते, ते घरून न्यायची गरज नाही. आम्ही नेलं होतं. उगीच ओझं.

आता रात्र. मधल्या बर्थवर पडलो खरा, बसता येत नाही तिथे, डोकं लागते. पण झोप कुठली? ब्रेक लागला की पाय आपोआप पुढे जाऊन अडवून पाहतात. गाडी थांबली की मी जागा. कोण उतरलं, कोण चढलं, पैसे घेतले का? मनाला सांगून पाहिलं की बाबा, तुझी ड्यूटी नाही. ऐकत नाही. एकच्या सुमारास उतरलो आणि डब्यातून चालत गेलो. आता हसाल. चादरीबाहेर आलेले पाय मोजत गेलो. दोन पाय म्हणजे एक माणूस. एकेचाळीसपर्यंत पोचलो तेव्हा दाराजवळच्या जागेवर चादरींचे गठ्ठे घेऊन बसलेला पोरगा म्हणाला, क्या हुआ अंकल, बाथरूम उधर है. मी म्हटलं, कुछ नहीं, गिनती कर रहा हूँ. तो म्हणाला, मैं भी.

खरंच तो मोजत होता. टॉवेल. दहा-दहाचे गठ्ठे करून, पुन्हा सोडून, पुन्हा मोजून. एक कमी भरत होता. मी त्याच्या बाजूला बसलो आणि म्हटलं, असं नाही, कागदावर बर्थ नंबर लिही, दिला त्याच्यापुढे टिक. रिकाम्या बर्थचे वेगळे. आमच्या वे-बिलासारखं, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदासारखं. अर्ध्या तासात सापडला, त्याच्याच उशीखाली होता. त्यानं मला चहा पाजला, कुठून आणला देव जाणे. मग येऊन झोपलो ते गुडूर गेल्यावर जाग आली. इडली-वडेवाल्याच्या आवाजानं. म्हणजे ओरडणारा माणूस रेल्वेतही आहे, गावाचं नाव ओरडत नाही इतकंच.

सकाळी बाथरूमला पाच वाजता जा, सहानंतर रांग. चेन्नईला ताईंनी सांगितलं तसंच केलं, कुलुपं, क्लोक रूम, मेट्रो. एग्मोरला मी चार जणांना तिकीट दाखवून विचारलं. चौथा वैतागला.

रामेश्वरला गडू पोचला. तिथल्या गुरुजींनी झाळ काढली तेव्हा मिसेस म्हणाली, पाणी आटलं नसेल ना? आटलं नव्हतं. काठोकाठ होतं.

चेन्नईतली_वऱ्हाडीण

काका, त्या टॉवेलवाल्या पोराला माझ्याकडून पण चहा. पाम्बनचा पूल दिसला का? बहुतेक वेळा तिथे अंधारच असतो.

डबलबेल

गाडी लेट झाली म्हणून उजेडात सापडला. गाडी इतकी हळू चालली की आमच्या घाटातल्या एसटीनं ओव्हरटेक केली असती. बाजूला जुना पूल, गंजलेला, त्यावर पक्षी. दोन्हीकडे नुसतं पाणी, असं लोक म्हणत होते. मिसेस म्हणाली, मला खिडकीत बसू द्या. तिला दिली. मला तिची पाठ आणि पदर दिसला, आणि तिच्या खांद्यावरून एवढंसं निळं.